अनुक्रमांक सतरा, हजर

कपाटात सदुसष्ट फायली होत्या. वरच्या दोन खणांत एकेचाळीस जुन्या, पिवळ्या पुठ्ठ्याच्या. खालच्या खणात सव्वीस नव्या, निळ्या, यंदाच्या मुलांच्या; वर माझ्या हाताची यादी. शिवाय एक स्टेपलर, टाचण्यांच्या दोन डब्या, एक कात्री, शाईचे दोन पॅड (त्यातला एक वाळलेला), ओल्या टिश्यूंचं एक फोडलेलं पाकीट, आणि खणाच्या कोपऱ्यात चिकटलेला निळ्या रबरासारखा एक तुकडा, भुईमुगाच्या दाण्याएवढा. पाकीट मी आणलेलं नव्हतं. तुकडा कसला ते कळलं नाही. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या आणि कपाट बंद केलं.

विक्रोळीत आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. मी तिथेच बसून बारावी केली, तिथेच बसून बीएस्सी केमिस्ट्री. आता पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी करते आणि रविवारी दहा ते एक अभ्यासिकेत फॉर्मचं टेबल चालवते. दहावी-बारावीच्या मुलांना शिष्यवृत्त्या शोधून द्यायच्या, हे काम. सरकारी असतात, कंपन्यांच्या असतात, ट्रस्टच्या असतात. कुणाला किती टक्के लागतात, उत्पन्नाचा दाखला कुठल्या सालचा चालतो, शेवटची तारीख काय, असा तक्ता मी करून भिंतीवर लावते. मुलं मला ताई म्हणतात आणि तक्त्याला ताईचं पंचांग म्हणतात.

मागच्या रविवारी लॅबमध्ये ऑडिट होतं म्हणून मी आले नव्हते. दीड वर्षात पहिली सुट्टी. त्यामुळे या रविवारी सपना दाराशी उभी दिसली तेव्हा मला वाटलं, आठवड्याभराचं काहीतरी साठलं असेल.

सपना सतरा वर्षांची. सीईटीत चांगले मार्क पडले, पहिल्याच फेरीत मुलुंडच्या एका फार्मसी कॉलेजात सीट लागली. फक्त शिष्यवृत्तीचा अर्ज शनिवारी पाचच्या आत मंजुरीला गेला पाहिजे होता. नाही गेला तर पूर्ण फी भरायची किंवा सीट सोडायची. तिची आई सुगंधा पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. पूर्ण फीचा प्रश्नच नव्हता.

"ताई, वाट लागली," सपना म्हणाली. आवाज मात्र अगदी सपाट होता. "कॉलेजचे क्लार्क म्हणतायत तुझा अर्ज होत नाही. तू आधीच शिकतेयस."

"कुठे?"

तिने पिशवीतून एक छापील कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "जोगेश्वरीला."

कागदावर तिचं नाव होतं, आईचं नाव होतं, जन्मतारीख बरोबर होती. अभ्यासक्रम, दहावीनंतरचा डिप्लोमा, कॉम्प्युटर. तिसरं वर्ष सुरू. पहिली दोन वर्षं उत्तीर्ण, दोन्ही वर्षांची शिष्यवृत्ती अदा. उपस्थिती, चारशे बारा दिवसांपैकी तीनशे एकसष्ट. खाली महिन्यांप्रमाणे फोड होती. या फेब्रुवारीत बावीसपैकी बावीस दिवस हजर.

"फेब्रुवारीत माझी बोर्डाची परीक्षा होती," सपना म्हणाली. "तू मला फिजिक्सच्या पेपरला सोडायला आली होतीस."

"आठवतंय."

"मग ही कोण गं?"

मी कागदावरचा फोटो बघत होते. मागे निळा पडदा होता. फ्रॉकच्या कॉलरचं बटण तुटलेलं होतं आणि तिथे सेफ्टी पिन लावलेली होती. ती पिन मीच लावली होती. हा पडदाही याच खोलीतला. फोटोही मीच काढला होता, दोन वर्षांपूर्वी, हर्षद सरांच्या शिबिरात.

हर्षद सर कुठल्याशा शैक्षणिक ट्रस्टतर्फे आले होते. आत येताच हात जोडून जय भीम म्हणाले, चपला नीट रांगेत काढल्या, नानांच्या पाया पडले. नाना म्हणजे विहाराची चावी सांभाळणारे. आयुष्यभर इथल्याच कारखान्यात फिटर होते. सर म्हणाले, दहावी झालेल्या मुलांचे सरकारी शिष्यवृत्तीचे अर्ज आम्ही फुकट भरू. बँकेची खातीसुद्धा उघडून देऊ, पासबुकं आमच्याकडे राहतील, मुलं हरवतात. फक्त एक, मुलांनी वेगळा अर्ज करायचा नाही. दोन अर्ज झाले की दोन्ही बाद. त्यांना यादी हवी होती. ती मी करून दिली. नाव, जन्मतारीख, आधार, जातीच्या दाखल्याचा नंबर, आईचा अंगठा की सही, सगळं एका ओळीत. एकेचाळीस ओळी, एकही चूक नाही. सरांनी ती यादी प्रकाशाकडे धरून पाहिली होती आणि म्हणाले होते, अशी यादी मी मंत्रालयात पाहिली नाही. मी ते वाक्य बरेच दिवस जपून ठेवलं होतं.

त्यानंतर प्रत्येक मुलाला एक दप्तर आणि एक कॅल्क्युलेटर मिळाला. सरकारी पैसे "प्रोसेसमध्ये" होते. अकरावी-बारावीला रक्कमच एवढीशी असते की कुणी मागे लागलं नाही.

"आपण जाऊन बघू," मी म्हणाले.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. विक्रोळीहून जोगेश्वरीची बस लिंक रोडने जाते, तलावावरून, मग चढावर. सपना खिडकीशी बसली होती. पवई गेल्यावर तिने विचारलं, "ताई, तिथे खरंच माझ्यासारखी कोणी बसलेली असली तर?"

"नसेल."

"पण असली तर? म्हणजे पासपण झालीये यार. माझ्यापेक्षा हुशार निघाली."

मी हसले. ती हसली नाही.

कागदावरच्या पत्त्यावर खाली टायरचं दुकान होतं, वर जिना. दुसऱ्या मजल्यावर एकच खोली. बारा बाक, सगळे भिंतीकडे सरकवलेले. बाकांवर धूळ होती. मी बोट फिरवलं तर रेघ उमटली. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं आणि कधी लिहिलं असावं असंही दिसत नव्हतं. दाराजवळच्या टेबलाशी एक बाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांच्या मागे भिंतीवर हजेरीचं यंत्र होतं, अंगठा लावायचं. खोलीतली तेवढी एकच वस्तू स्वच्छ पुसलेली होती. त्याचा हिरवा दिवा चालू होता आणि छोट्या पडद्यावर आकडा होता: आज हजर, ४१.

"कोण पाहिजे?" बाईंनी विचारलं.

"हर्षद सर."

"बसा. फोन करते." त्यांनी शेंगांखालचं वर्तमानपत्र ओढून टेबलावरच्या एका डब्यावर टाकलं. ते पुरतं झाकलं गेलं नाही. आम्ही शिवणाच्या बटणांसाठी वापरतो तसा कप्प्याकप्प्यांचा प्लास्टिकचा डबा होता. मला बारा कप्पे दिसले. प्रत्येकात एक फिकट निळा, मऊसर तुकडा, बोटाच्या पेराएवढा, वर अंगठ्यासारख्या बारीक रेषा. प्रत्येक कप्प्यावर मार्करने आकडा. चौदा, पंधरा, सोळा, सतरा.

माझ्या यादीत सपनाचा अनुक्रमांक सतरा होता.

त्या शिबिरात अंगठ्याचं यंत्र मुलांचे ठसे नीट घेत नव्हतं. सर म्हणाले होते, आधी ठशाची प्रत तपासू, आणि त्यांनी निळ्या मळलेल्या पिठासारखं काहीतरी काढलं होतं. दातांचे डॉक्टर साचा घ्यायला वापरतात तसं. प्रत्येकाने त्यात अंगठा दाबायचा, दहा सेकंद. कमी दाबला तर रेषा उमटत नाहीत, जास्त दाबला तर पसरतात. मला ते शास्त्रीय वाटलं. मुलांचे अंगठे मी ओल्या फडक्याने पुसले होते आणि मोबाइलवर सेकंद मोजले होते. एकेचाळीस वेळा. सतरा नंबरला मी म्हटलं होतं, हलवू नकोस गं, अजून तीन.

"ताई," सपना कुजबुजली. ती यंत्रासमोर उभी होती. मी काही म्हणायच्या आत तिने उजवा अंगठा काचेवर ठेवला.

यंत्रातल्या बाईच्या आवाजाने "थँक यू" म्हटलं. पडद्यावर सपनाचं पूर्ण नाव आलं. खाली: प्रवेश ९:०२, नोंद आधीच झाली आहे.

तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. नऊ वाजून दोन मिनिटांनी सपना विक्रोळीच्या नळावर पाणी भरत होती; मी तिला गॅलरीतून हाक मारून बसची वेळ सांगितली होती. सपनाने अंगठा ओढणीला पुसला. एकदा, मग पुन्हा, मग बराच वेळ.

हर्षद सर वीस मिनिटांत आले. येताना आमच्यासाठी चहा घेऊन आले. आधीपेक्षा थोडे जाड झाले होते. जय भीम म्हणाले, सपनाच्या सीटबद्दल तिचं अभिनंदन केलं.

"झालंय काय, ताई, ऑफिसमधल्या पोरांनी घोळ घातलाय," ते म्हणाले. "कॅन्सल होतं. पाच मिनिटांचं काम. आमच्याच लॉगिनने रिलीज करावं लागतं, दुसऱ्या कुणाला येत नाही. फक्त एक अर्ज लागेल."

अर्ज त्यांच्या बॅगेत तयारच होता. मी उभ्याने वाचला. मी सदर संस्थेत दोन वर्षे नियमित शिक्षण घेतले. शिष्यवृत्तीची रक्कम मला मिळाली. वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने प्रवेश रद्द करीत आहे. विद्यार्थिनीची सही व अंगठा, पालकाची सही व अंगठा.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"फॉरमॅट आहे, ताई. फॉरमॅटमध्ये खरं-खोटं काय?" ते हसले. "शनिवारी बारापर्यंत आणून द्या. पाचला पोर्टल बंद, तुम्हाला माहितीच आहे. तुमचा तर तक्ता असतो भिंतीवर."

आम्ही जिना उतरायला लागलो तेव्हा ते वरून म्हणाले, "नानांना जय भीम सांगा. गेल्याच्या आधीच्या रविवारचं शिबिर झकास झालं. तुम्ही नव्हता, पण तुमची यादी होती ना. सव्वीसच्या सव्वीस. नानांनी तर दहा सेकंदपण घड्याळ लावून मोजले."

बसमध्ये मी वहीत सव्वीस हा आकडा लिहिला.

शुक्रवारी संध्याकाळी अभ्यासिकेत आम्ही चौघं होतो: नाना, सपना, सुगंधाताई आणि मी. मी सगळं सांगितलं, क्रमाने, जे पाहिलं तेवढंच. नाना भिंतीला टेकून उभे होते. मी निळ्या पिठाबद्दल बोलायला लागले तेव्हा ते खाली बसले.

"मला म्हणाला ताईंची पद्धत आहे," नाना म्हणाले. "मी म्हटलं, ऋतिकाची पद्धत म्हणजे बरोबरच असणार. पोरांना ओरडलोपण, नीट दाबा रे."

"नाना, तुमची चूक नाही."

"मग कोणाची?" त्यांनी सरळ विचारलं. त्याला उत्तर एकच होतं.

मी म्हणाले, सपनाने सही करू नये. उलट तक्रार करावी. ती एकटीच अशी आहे की जिच्याकडे पुरावा आहे: त्याच दिवसांची बारावीची हजेरी, बोर्डाचं हॉल तिकीट. तिने लिहून दिलं तर चौकशी लागेल. तिने उलट लिहून दिलं तर ती संस्था खरी ठरेल, तिच्याच सहीने.

सुगंधाताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या हातांना पिठाचा वास होता. "तू ग्रॅज्युएट झालीस," त्या म्हणाल्या. "तुझी नोकरी आहे. उद्या पाच वाजता हिची सीट गेली तर तू देणारेस का आणून?"

"नाही."

"मग हिच्या जिवावर काय शूरपणा करते?"

"आई, थांब गं," सपना म्हणाली. ती माझ्याकडे वळली. "ताई, मला नीट सांग. मी सही नाही केली, तक्रार केली, तर उद्या पाचपर्यंत माझं नाव तिथून निघेल?"

"नाही."

"पुढच्या महिन्यात?"

"सांगता येत नाही."

"बाकीच्यांचं निघेल? नक्की?"

मी खूप विचार केला. मला आकडा सांगता आला नाही. जिथे आकडा नसतो तिथे मी बोलत नाही, ही माझी सवय तिला ठाऊक होती. मग तिने कपाटातून शाईचे पॅड काढले. पहिला वाळलेला निघाला. दुसऱ्यावर तिने अंगठा टेकवला आणि अर्जावर उठवला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिने तो बराच वेळ दाबून धरला. आईने सही केली, अंगठा दिला. नाना बाहेर जाऊन चपला रांगेत लावत बसले.

शनिवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी पोर्टलवर सपनाचं नाव मोकळं झालं. चार दहाला मुलुंडच्या क्लार्कने तिचा अर्ज पुढे पाठवला. तिने मला मेसेज केला: झालं ताई. त्यापुढे काही नव्हतं.

रविवारी मी टेबल लावलं नाही. कपाटातल्या पिवळ्या फायली काढून चाळीस जणांना फोन केले. अकरा नंबर बंद होते. नऊ जणांनी उचलले नाहीत. वीस जणांशी बोलणं झालं. त्यातले सतरा जण म्हणाले, ताई, आमचं नाव घेऊ नकोस. राधा म्हणून एक मुलगी आहे, आता मॉलमध्ये कामाला. ती म्हणाली, कागदावर पैसे मीच घेतलेत ना, मग पोलीस कोणाला धरतील? उरलेले तिघं म्हणाले, घरी विचारून सांगतो. नव्या सव्वीस जणांच्या घरी मी स्वतः गेले. पंधरा घरांत कोपऱ्यात नवं दप्तर होतं, प्लास्टिकसकट. एका आईने मला सरबत दिलं आणि म्हणाली, तुमच्यामुळे झालं सगळं.

मग मी एकटीने शिष्यवृत्ती देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार लिहिली. चार पानं, तारखा आणि वेळांसकट. सोबत यंत्राच्या पडद्याचं वर्णन, डब्याचं वर्णन, आणि कपाटात सापडलेला निळा तुकडा एका छोट्या पाकिटात. तीन आठवड्यांनी मला बोलावणं आलं. टेबलापलीकडचे साहेब सभ्य होते. त्यांनी माझी चारही पानं वाचली होती, खाली पेन्सिलने रेघा मारलेल्या होत्या.

"तुम्ही म्हणता ही संस्था कागदावरच आहे," ते म्हणाले. "तुमच्याच विहारातली एक विद्यार्थिनी लिहून देते की ती तिथे दोन वर्षं शिकली. सही, अंगठा, आईची सही. पडताळणी झाली, अंगठा जुळला." त्यांनी सपनाचा अर्ज माझ्याकडे फिरवला. ठसा सुरेख उठला होता. रेषा एकही पसरलेली नव्हती.

"आणि ही यादी," ते म्हणाले, "संस्थेने जोडलीय. अक्षर तुमचं आहे का?"

मी हो म्हणाले.

"तक्रार मागे घेताय की निकाली काढू?"

"निकाली काढा," मी म्हणाले. मागे घेतली असती तर मी खोटं बोलले असं झालं असतं. त्यांनी शिक्का मारला. निळा तुकडा परत दिला, पावती घेऊन.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी लॅबमध्ये उशिरा येते असं कळवलं आणि सकाळच्या बसने जोगेश्वरीला गेले. टायरचं दुकान उघडत होतं. जिन्यात फोडणीचा वास येत होता. वर दार उघडं होतं. बाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं आणि पुन्हा खाली बघितलं. बारा बाक भिंतीला लागूनच होते. मी मागच्या वेळी बोटाने ओढलेली रेघ एका बाकावर तशीच होती, तिच्यावर थोडी नवी धूळ बसलेली. टेबलावर डबे आता दोन होते.

नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. जुन्या एकेचाळीसमधून सपना गेली, म्हणजे चाळीस उरले. मी यंत्रासमोर गेले आणि पडद्यावरचा आकडा वहीत उतरवून घेतला. आज हजर, ६६.